रेझ्युमेवर ‘रेडिस’ लिहिण्याआधी

प्रोजेक्टच्या पीपीटीत ‘डेटाबेस : रेडिस’ असं ठसठशीत लिहिलंय ना? मग खरं सांगा, सेट आणि गेट सोडून तिसरी कमांड कधी वापरलीत? मी मास कॉमची, पण मित्रांचे प्रोजेक्ट बघते तेव्हा एकच प्रकार दिसतो. सगळ्या माहितीचं जेसन करायचं, एका कीखाली कोंबायचं, झालं!

हा नुसता आळस नाही, यात लोकांची मतं हरवतात. समजा, कॉलेजच्या एकांकिका स्पर्धेत प्रेक्षक-पसंतीचं व्होटिंग तुमच्या अ‍ॅपवर आहे. एका एकांकिकेला ४१ मतं आहेत. अ‍ॅप आख्खं जेसन वाचतं, ४१चे ४२ करतं, परत लिहितं. त्याच क्षणी दुसऱ्या कुणाचं मत आलं, तर तेही ४१ वाचून ४२च लिहिणार. मतं दोन पडली, मोजलं गेलं एक. ते दुसरं मत वेगळ्या एकांकिकेला असलं तरी गोंधळ तोच, कारण लिहिताना आख्खं जेसन बदलतं.

रेडिसमध्ये यासाठी हॅश आहे. ‘मतं’ ही एक की, तिच्या पोटात प्रत्येक एकांकिकेचं वेगळं फील्ड. एचसेटने फील्ड भरा, एचगेटने हवं तेवढंच वाचा. मत आलं की एचइन्क्रबाय. वाचणं, मिळवणं, लिहिणं हे सगळं रेडिसच्या आतच एका दमात होतं, मध्ये कुणी घुसू शकत नाही. ४१ वर दोन मतं म्हणजे ४३च.

आता लगेच सगळीकडे हॅश ठोकू नका. हॅशच्या आत हॅश बसत नाही. माहिती नेहमी पूर्णच वाचायची आणि क्वचितच बदलायची असेल, तर जेसन ठीकच आहे. आणि लाखभर फील्डच्या हॅशवर एचगेटऑल मारलंत, तर रेडिस एकेक कमांड रांगेनं चालवत असल्यानं बाकीचे सगळे ताटकळतात. तिथे एचस्कॅन वापरा. (जुन्या ट्युटोरिअलमधलं एचएमसेट कॉपी करणाऱ्यांनो, ४.० व्हर्जनपासून एचसेटच एकावेळी अनेक फील्ड घेतं!)

पटत नसेल तर टर्मिनलच्या दोन खिडक्या उघडा. दोन्हीकडे आधी गेट करून आकडा बघा, मग दोन्हीकडून एक-एक वाढवून सेट करा. नंतर तेच एचइन्क्रबायने करा. पाच मिनिटांचं काम आहे, सबमिशनच्या आधी उरकून टाका.