शुगर 'बॉर्डरवर' आली, पुढे काय?

टेंभुर्णीत कुणी नेहमीची रक्ततपासणी करून आलं की हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं, "शुगर बॉर्डरवर आहे म्हणाले." मग एकतर घरभर घबराट, नाहीतर "अजून झाली नाही ना!" म्हणत रिपोर्ट कपाटात.

आधी आकडा समजून घेऊ. उपाशीपोटी 126 किंवा जास्त म्हणजे मधुमेह, तोही पुन्हा तपासून ठरवतात. धोक्याची पातळी अमेरिकन डायबेटिस असोसिएशन 100 पासून धरते, जागतिक आरोग्य संघटना 110 पासून. त्यामुळे 104 आलेल्याला एक लॅब खूण करते, दुसरी नॉर्मल म्हणते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी 5.7 ते 6.4 आली तरी इशाराच. पण अंगात लोह कमी असेल तर हा आकडा जास्त येऊ शकतो. आपल्या बायकांनी हिमोग्लोबिनही बघून घ्यावं.

2023 च्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार देशात 10.1 कोटी मधुमेही आणि 13.6 कोटी उंबरठ्यावर आहेत. "आमच्या घरात कुणी जाड नाही" हा दिलासाही खरा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच दाखला दिला. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. चरबी मात्र युडकिन यांच्यात 9.1 टक्के, याज्ञिकांत 21.2!

उंबरठ्यावरून मागे फिरता येतं का? चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या 2006 च्या अभ्यासात अशा लोकांना तीन वर्षं पाहिलं. नुसताच साधा सल्ला मिळालेल्यांत 55 टक्के मधुमेही झाले. खाण्यापिण्यावर आणि चालण्यावर सतत लक्ष ठेवलेल्यांत 39 टक्के. मेटफॉर्मिनच्या गोळीनेही जवळपास तेवढाच फायदा झाला, पण दोन्ही एकत्र दिल्याने तो वाढला नाही.

मला खटकतं ते इथेच. आयुष्मान आरोग्य मंदिरात तिशीपुढच्यांची तपासणी मोफत आहे, चांगलंच आहे. पण बोटातून थेंबभर रक्त घेतल्यावर "गोड कमी करा" एवढंच सांगून भागत नाही. तो सल्ला 55 टक्क्यांच्याच बाजूचा. ताटातला भात किती, दिवसाला चहा किती, हे कुणीतरी महिन्या-दोन महिन्यांनी विचारायला हवं.

आणि बायकांनी चालायचं कुठे? एका बाजूला पुणे-सोलापूर हायवे, दुसरीकडे उसाच्या ट्रॉल्या. फजरनंतर तासभर शाळेचं मैदान बायकांसाठी उघडं ठेवा, अशी मागणी ग्रामसभेत व्हायला काय हरकत आहे?