अर्ज कुठे अडला?

वेबसाइट किती चालते असं विचारलं की आजही उत्तर येतं ते पेज व्ह्यूजच्या आकड्यात. या आकड्यापायी मराठी वाचकाला फार सोसावं लागलं. एकच मजकूर चार पानांत तोडला गेला, दहा फोटोंसाठी दहा वेळा पान उघडायला लावलं गेलं. मोजणी पानांची, म्हणून पानं वाढवली.

वेबसाइटचा वापर मोजणाऱ्या गूगल अ‍ॅनालिटिक्सची जुनी पद्धत १ जुलै २०२३ पासून बंद होत गेली आणि २०२० मध्ये आलेली चौथी आवृत्ती तिच्या जागी आली. इथे सगळं मोजलं जातं ते 'इव्हेंट'मध्ये. पान उघडणं हा एक इव्हेंट. व्हिडिओ सुरू करणं, फाइल डाउनलोड करणं हेही तसेच. कोणती फाइल, कोणतं पान, हा तपशील पॅरामीटर म्हणून सोबत जातो. पूर्वी पानावरचा वेळ पुढचं पान कधी उघडलं यावरून काढत. म्हणून एकच लेख वीस मिनिटं मन लावून वाचून गेलेला वाचक शून्य सेकंदांचा ठरे. आता पान दहा सेकंदांहून जास्त वेळ समोर राहिलं तरी ती भेट 'एंगेज्ड' धरतात.

हा बदल मला मोलाचा वाटतो, पण आयत्या मिळणाऱ्या इव्हेंटवर थांबलं तर तो वाया जाईल. पानाची ९० टक्के खोली गाठली की 'स्क्रोल'ची नोंद होते. एका झटक्यात तळाशी गेलेला आणि ओळन् ओळ वाचलेला, दोघे तिथे सारखेच.

खरा उपयोग अर्जांत आहे. प्रवेशाचा किंवा शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज घ्या. कुणी पहिल्या रकान्याला हात लावला की एक इव्हेंट, अर्ज पाठवला की दुसरा. या दोन आकड्यांमधली तफावत म्हणजे मध्येच सोडून गेलेली माणसं. ती कुठे गळाली? 'चूक दाखवली' असा स्वतःचा इव्हेंट लावून रकान्याचं नाव आणि चुकीचा प्रकार पॅरामीटरमध्ये पाठवला, तर कळतं: देवनागरीत लिहिलेलं नाव नाकारलं गेलं, मोबाइलवर काढलेला फोटो आकाराने मोठा ठरला, किंवा ओटीपी येण्याआधीच मुदत संपली. पेज व्ह्यूजमध्ये हीच माणसं उलट वाढ म्हणून दिसतात, कारण अडलेला माणूस तेच पान पुन्हा पुन्हा उघडतो.

मात्र पाठवायचं ते फक्त रकान्याचं नाव आणि चुकीचा प्रकार. रकान्यात माणसानं काय लिहिलं ते नाही. नाव, फोन नंबर, ईमेल अशी ओळख पटवणारी माहिती अ‍ॅनालिटिक्सकडे पाठवायला गूगलच्याच नियमांत मनाई आहे, आणि नसती तरी ती पाठवणं अयोग्यच.

पोर्टल बनवून घेणाऱ्या संस्थांनी चुकांची ही नोंद कामाच्या करारातच मागावी. महिन्याच्या अहवालात भेटींच्या आकड्याआधी अडलेल्या रकान्यांची यादी यावी, आणि ती वाचून रकाना दुरुस्त करणारा माणूसही नेमलेला असावा.