शाळेचं छत आणि चंद्याचा पैसा

२०२५ च्या मार्चअखेर राज्याच्या शिक्षण विभागाने वाढत्या उन्हामुळे शाळा सकाळच्या सत्रात भरवायला सांगितल्या. त्याच वर्षी पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबल्या. म्हणजे ऊन वाढतंय आणि मुलंही भर उन्हाळ्यात वर्गात आहेत. वेळ बदलणं हा तात्पुरता इलाज झाला. पण ज्या इमारतीत ही मुलं बसतात, तिचं काय? हा प्रश्न आम्ही सरकारला विचारूच, पण आधी आपल्याच संस्थांना विचारायला हवा.

आपल्या अनेक शाळा आणि मदरसे लोकांच्या चंद्यावर उभे आहेत. जकातीचा पैसा इमारतीला लावता येत नाही, असंच बहुतेक उलेमा सांगतात. त्यामुळे इमारतीसाठी मिळणारी इमदाद आधीच मोजकी असते. तीही कुठे जाते पाहा. दर्शनी बाजूला काचा आणि चकचकीत पॅनल, ऑफिसात एसी, आणि विद्यार्थी वाढले की वर पत्र्याचा मजला. दुपारी त्या पत्र्याखाली पंखाही गरम हवाच फेकतो. मुलांचं लक्ष फळ्यावर कसं राहणार?

आता विजेचा हिशोब करू. बारा वर्गांच्या शाळेत प्रत्येक वर्गात चार, असे ४८ पंखे आहेत असं धरू. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो. रोज सहा तास आणि वर्षाचे २२० दिवस चालले तर जवळपास ४७५० युनिट झाले. बीएलडीसी पंख्याला ३० वॅटच्या आसपास वीज लागते. तेच पंखे, तेवढेच तास, पण वापर १९०० युनिट. वर्षाला २८५० युनिट वाचले. युनिटला दहा रुपये धरले तर साडेअठ्ठावीस हजार रुपये. नवा पंखा दीड हजाराने महाग पडला, असं धरलं तरी ७२ हजारांचा जादा खर्च अडीच वर्षांत निघतो. चालू पंखे फेकायचीही गरज नाही, बिघडेल तसा बदलायचा. ट्यूबलाइटच्या जागी एलईडी लावण्याचा हिशोबही असाच.

पण पंख्याच्या आधी छताकडे पाहायला हवं, कारण उष्णता तिथूनच उतरते. २०१० च्या उन्हाच्या तडाख्यानंतर अहमदाबाद महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेशी लढण्याचा आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतली छतं पांढरी करण्याची मोहीम घेतली. तेलंगणा सरकारने २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच आणलं. यात मोठं तंत्र काही नाही. पांढरा रंग ऊन परतवतो. स्लॅबवर उन्हाळ्याआधी चुन्याचे दोन-तीन हात मारले, पत्र्यावर ऊन परतवणारा पांढरा रंग दिला, तरी खोलीत दोन-तीन अंशांचा फरक पडू शकतो. हे काम शाळेचे माजी विद्यार्थी एका रविवारी करू शकतात.

नवी इमारत बांधायची असेल तर फायदा आणखी मोठा, कारण नकाशावरची रेघ बदलायला पैसे लागत नाहीत. खिडक्या उत्तर-दक्षिण ठेवा. पश्चिमेच्या भिंतीला काच नको, तिथे जिना किंवा स्टोअर रूम घ्या. समोरासमोर खिडक्या, वर गरम हवा जायला झरोके, बाहेर व्हरांडा. उभ्या विटांची पोकळ भिंत, जी लॉरी बेकर यांनी केरळात रुजवली, तिला विटा जवळपास पाव हिश्शाने कमी लागतात आणि मधल्या पोकळीमुळे खोली कमी तापते.

कुणी म्हणेल, हे श्रीमंतांचे चोचले आहेत. त्यांनी बुर्किना फासोकडे पाहावं. मुस्लिम बहुसंख्य असलेला हा आफ्रिकेतला गरीब देश. तिथल्या गांडो गावात २००१ मध्ये एक प्राथमिक शाळा उभी राहिली. वास्तुकार फ्रान्सिस केरे त्याच गावचे. त्यांनी मातीत थोडं सिमेंट मिसळून विटा पाडल्या, गावकऱ्यांना कामाला घेतलं आणि पत्र्याचं छप्पर मातीच्या छतापासून बरंच वर उचललं. मधून वारा खेळतो, गरम हवा निघून जाते, पत्र्याची झळ खाली पोहोचत नाही. या शाळेला २००४ मध्ये वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला आणि २०२२ मध्ये केरे यांना प्रित्झकर पुरस्कार. पत्रा आपल्याकडेही आहे आणि त्यांच्याकडेही. फरक आहे तो डोकं वापरण्याचा.

आपल्यालाही हे नवं नाही. औरंगाबादची पाणचक्की आठवा. दूरच्या डोंगरातलं पाणी नळांतून आणून त्याच्या जोरावर चक्की फिरवली जायची, आणि दर्ग्यातल्या फकिरांसाठी, विद्यार्थ्यांसाठी पीठ दळलं जायचं. वाया जाणारी शक्ती कामाला लावणं हा आपल्याच बुजुर्गांचा वारसा आहे.

सोलरचं नाव सगळेच घेतात. ते जरूर बसवावं, पण शेवटी. महाराष्ट्रात एक किलोवॅटचं सोलर दिवसाला सरासरी चार युनिट देतं. वरच्या हिशोबातल्या जुन्या पंख्यांना पाच-साडेपाच किलोवॅट लागेल, नव्यांना दोन-सव्वादोन पुरेल. आधी गळती बंद केली तर सोलरही स्वस्तात पडतं. पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान घरांसाठी आहे, शाळांसाठी नाही, हेही लक्षात ठेवावं. म्हणून तर आधी वापर कमी करायचा.

साडेअठ्ठावीस हजार ही फार मोठी रक्कम नाही, हे आम्हालाही कळतं. पण ती दरवर्षी वाचणार आहे. विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षिका किती पगारावर राबतात, हे आपण सगळे जाणतो. त्यांच्या हातात चार पैसे जास्त पडतील, वाचनालयात पुस्तकं येतील. इस्राफ फक्त लग्नाच्या मांडवात होत नाही, तो विजेच्या मीटरमध्येही होतो.

म्हणून आमचं ट्रस्टींना एवढंच सांगणं आहे. पुढच्या रमजानमध्ये चंद्याची पावती फाडण्याआधी गेल्या बारा महिन्यांची वीजबिलं समोर ठेवा. मग मे महिन्याची वाट न पाहता, एखाद्या तापलेल्या दुपारी वरच्या मजल्यावर मुलांसोबत अर्धा तास बसून या. पैसा आधी कुठे लावायचा, हे तिथेच कळेल.