मेणबत्त्या पुरे झाल्या, पगाराचे काम शिकवा

दिवाळी जवळ आली की विशेष शाळांचे स्टॉल लागतात. पणत्या, मेणबत्त्या, कागदी पिशव्या. साहेब येतात, फीत कापतात, दोन पाकिटे विकत घेतात, फोटो निघतो, मुलांच्या 'जिद्दी'चे कौतुक होते. अहवालात याला व्यवसाय प्रशिक्षण म्हणतात. आमचा प्रश्न साधा आहे. हे काम त्या मुलांसाठी निवडले कोणी?

नववीतल्या मुलाला दिसत नाही, मग खुर्च्या विणायला बसवा. मुलीला ऐकू येत नाही, मग शिवणकाम. तिला हिशेबात गती आहे का, हे कोणी विचारतच नाही. माणसाची कुवत न तपासता त्याचा धंदा आधीच ठरवून टाकायचा, ही रीत आपल्याला नवी आहे का? १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये बाबासाहेबांनी जातीवर घेतलेला एक मोठा आक्षेप हाच होता. जात आईबापांचा दर्जा पाहून काम ठरवते, इथे प्रमाणपत्रावरची टक्केवारी पाहून ठरते. मूल वस्तीतले असेल तर दोन्ही पाहून. २०११ च्या जनगणनेत देशात अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के होते, अनुसूचित जातींत २.४५. तेव्हा हा 'त्यांचा' प्रश्न आहे असे समजून चळवळीतल्या कोणी पुढे सरकू नये.

नावाचेही तेच राजकारण. 'हरिजन' हे नाव बाबासाहेबांनी का नाकारले ते आपल्याला माहीत आहे. आता अपंगांना 'दिव्यांग' केले. अंग दिव्य झाले, पण शाळेच्या पायऱ्या आहेत तिथेच आहेत. आम्ही अपंगच म्हणतो. महाराष्ट्रात या विशेष शाळा शालेय शिक्षण खात्याकडे नाहीतच. आधी सामाजिक न्याय, २०२२ पासून दिव्यांग कल्याण विभाग. इतरांच्या मुलांना शिक्षण, यांना कल्याण!

कायदा मात्र कल्याणाची नाही, हक्काची भाषा बोलतो. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकरीत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के आरक्षण दिले. नोकरीतले हे आरक्षण समांतर आहे, म्हणजे अनुसूचित जातीचा अपंग उमेदवार आपल्याच प्रवर्गात राहून ते घेतो. दहावीच्या किती मुलांना हे कोणी सांगितले? उलट वाट आधीच अडवली जाते. राज्य मंडळ काही प्रकारच्या अपंगत्वात दहावीला गणिताऐवजी सोपा पर्याय देते. ज्याला गरज आहे त्याने तो जरूर घ्यावा, तो हक्क आहे. पण ज्या मुलाला गणित जमते त्यालाही शिक्षक 'कशाला डोक्याला ताप' म्हणून तिकडे ढकलतात. पुढे आयटीआयला इलेक्ट्रिशियनसाठी दहावीचे गणित-विज्ञान मागतात, तेव्हा सल्ला देणारे शिक्षक बाजूला नसतात.

मग आठवीपासून शिकवायचे काय? एकट्याने एसटीने जाणे-येणे. संगणकावर मराठी टायपिंग. अंध मुलांना एनव्हीडीए, ते फुकट मिळते. बँकेचा व्यवहार, पगारपत्रक वाचणे, पीएफ कापला की नाही ते पाहणे. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे मालकासमोर मान खाली न घालता आपल्याला लागणारी सोय मागणे. मला खुणांच्या भाषेचा दुभाषी लागेल, मला तळमजल्यावर टेबल लागेल, हे सांगता येणे हे नोकरीचे कौशल्य आहे. ते दिवाळीच्या स्टॉलवर शिकता येत नाही. त्यासाठी खऱ्या दुकानात, कार्यालयात, वर्कशॉपमध्ये महिना-दोन महिने उभे राहावे लागते.

काही जण म्हणतील, बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाला तुम्ही संगणक शिकवणार का? ज्याला जमेल त्याला, हो. ज्याला हाताचेच काम आवडते त्याने ते करावे. हाताच्या कामाला हलके मानणारे आम्ही नव्हे, ती मनूची सवय. आमचा आक्षेप फुकटच्या कामाला आहे. मेणबत्ती विकली गेली, तर बनवणाऱ्याची मजुरी कुठे आहे? 'हात गुंतलेले राहतात' हे उत्तर आम्हाला ऐकवू नका. वेठबिगारीचे समर्थनही असेच गोड बोलून व्हायचे.

मित्रांनो, आपापल्या तालुक्यातल्या अनुदानित विशेष शाळेला माहितीच्या अधिकारात विचारा. गेल्या पाच वर्षांत किती विद्यार्थी पगारावर लागले? कार्यशाळेतल्या मालाचे पैसे कोणाच्या खात्यात गेले? जिल्हा परिषदेलाही अर्ज टाका, ४ टक्क्यांतल्या किती जागा भरल्या आणि किती रिकाम्या ठेवल्या? दहा रुपयांचा अर्ज आहे. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते.