साठवणीतही स्वावलंबन हवे!

मुरुमच्या शिवारात उन्हाची वाण कधीच नव्हती. वाण होती ती वेळेवर मिळणाऱ्या विजेची. मोटार चालू करण्यासाठी रात्री-अपरात्री विहिरीवर जाणे मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या अंगवळणीच पडले होते. सौर कृषी वाहिनी योजनेमुळे दिवसा पाणी देण्याची सोय होऊ लागली, हे स्वागतार्हच आहे. परंतु विजेची मागणी वाढते ती दिवेलागणीला, नेमकी सूर्य मावळल्यावर. दुपारची वीज सायंकाळसाठी राखून कशी ठेवायची, हा आता खरा प्रश्न आहे.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये ४,००० मेगावॅट-तास क्षमतेच्या बॅटरी प्रकल्पांसाठी ३,७६० कोटी रुपयांचे साहाय्य मंजूर केले. पाऊल योग्यच आहे. मात्र लिथियम बॅटरीच्या सेलनिर्मितीत आज चीनचे वर्चस्व आहे. तेलासाठी आखाताकडे पाहणाऱ्या देशाने उद्या विजेच्या साठवणीसाठी चीनकडे पाहायचे काय? देशी सेलनिर्मितीसाठी २०२१ मध्ये १८,१०० कोटींची प्रोत्साहन योजना आली. उद्दिष्ट होते ५० गिगावॅट-तासांचे. प्रत्यक्ष उत्पादन त्याच्या फार मागे आहे.

दुसरा मार्ग आपल्या सह्याद्रीतच आहे. घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प २००८ साली कार्यान्वित झाला. मागणी कमी असताना पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज निर्माण करायची, अशी ही योजना. तिला लिथियम लागत नाही.

बॅटरी अवश्य घ्यावी. पण राष्ट्राचा पैसा केवळ खरेदीत नव्हे, देशी कारखान्यांत आणि संशोधनात गुंतला पाहिजे. ऊन आपले आहे, साठवणही आपलीच हवी.