एक गाव, एक गणपती – पण कुठे?



यंदाचा गणेशोत्सव निर्विघ्न पार पडला. आरती जवळजवळ वेळेवर झाली, अथर्वशीर्ष म्हणणारी मुले मागच्या वर्षीपेक्षा जास्त होती आणि ढोल-ताशाने शाळेच्या पार्किंगमध्ये अशी धमाल उडवली की शेजारच्या मैदानात सॉकर खेळणारे लोक खेळ सोडून कुंपणाशी येऊन उभे राहिले. तरीही त्या दिवसापासून मंडळाच्या समितीला जे निरोप येत आहेत त्यांत उत्सवाबद्दल फारसे काही नाही. सगळा रोख हॉलवर आहे. इतकी वर्षे पिट्सबर्गच्या पूर्वेकडच्या मनरोव्हिलला बसणारा गणपती यंदा उत्तरेकडच्या क्रॅनबेरीला का नेला, कोणाला विचारून नेला, आणि 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणताना त्याला पत्ता कोणता द्यायचा, अशी विचारणा झाली आहे. बहुतेकांनी ती प्रेमाने केली, काहींनी तितक्या प्रेमाने नाही. समितीची बाजू एकदा लेखी मांडलेली बरी, म्हणून हे संपादकीय नेहमीपेक्षा लांबले आहे.

'समिती उत्तरेने काबीज केली' हे म्हणणे बरोबर नाही. समितीत सगळ्या दिशांचे लोक आहेत. बैठकीत कोणी कोणत्या बाजूने हात वर केला, हे सांगण्याची ही जागा नव्हे. निर्णय सर्वांचा आहे.

पिट्सबर्गला आलेल्या आपल्या पहिल्या पिढीने पूर्वेला बिऱ्हाड केले, त्याला कारण होते. वेस्टिंगहाउसच्या कचेऱ्या तिकडे होत्या, यू. एस. स्टीलचे संशोधन केंद्र तिकडे होते आणि पेन हिल्सच्या टेकडीवर १९७०च्या दशकात वेंकटेश्वराचे देऊळ उभे राहिले. त्या काळी अमेरिकेत अशी देवळे बोटांवर मोजण्याइतकी होती. तळघरातली कोजागरी, पडदा अर्ध्यावर अडकलेले नाटक, मंडळाची घटना लिहिताना झालेली बैठक, हे सगळे तिकडचेच. त्या पिढीचे ऋण समिती विसरलेली नाही. पण २००९च्या सुमारास वेस्टिंगहाउसने आपले मुख्यालय मनरोव्हिलहून क्रॅनबेरीला हलवले. मागोमाग बाकीचे उद्योगही तिकडे वाढले. नंतर आलेल्या तरुण कुटुंबांनी घरे घेतली ती क्रॅनबेरी, वेक्सफर्ड, मार्स या भागात. आपल्या बालवर्गातली बहुतेक मुले आज तिथून येतात. त्यांच्या आयांनी किती वर्षे मागच्या सीटवर झोपलेली पोरे घेऊन रात्री परतायचे?

अंतर लहान नाही, हे समितीला मान्य आहे. टर्नपाइकवरून मनरोव्हिल ते क्रॅनबेरी २९ मैल आणि वर टोल. आणि तरी यंदाचे मोदक पूर्वेच्याच भगिनींनी केले. आदल्या रात्री फ्रोझन खोबरे गुळात परतून सारण तयार ठेवले, पहाटे उकड काढली, आणि ओल्या फडक्यात झाकलेले मोदक पिकनिकच्या कूलरमध्ये बसवून टोल भरत आणले. झाकण काढले तेव्हा आतून वाफ आली. एकाही मोदकाची कळी मोडलेली नव्हती. तक्रारीचा पहिला मान ज्यांचा होता, त्यांच्याकडून आजवर एकही तक्रार आलेली नाही, याची नोंद इथे आवर्जून करतो.

दक्षिणेकडच्या सभासदांचे म्हणणे वेगळेच आहे. माउंट लेबनन आणि अप्पर सेंट क्लेअरच्या मंडळींना मनरोव्हिल काय आणि क्रॅनबेरी काय, दोन्ही परदेशच. तीन नद्या, ४४६ पूल आणि डोंगर पोखरून काढलेले बोगदे असलेल्या या गावात माणूस सहसा नदी ओलांडत नाही, असे इथले मूळ रहिवासीही थट्टेने म्हणतात. आपण त्यांच्याकडून बाकी काही शिकलो नाही, एवढे मात्र चटकन शिकलो. स्क्विरल हिलच्या बोगद्याच्या तोंडाशी प्रत्येक गाडी विनाकारण ब्रेक दाबते, त्याला समिती काय करणार? ट्राम शहरातून दक्षिणेला जाते, पण पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या उपनगरांत ती नाही. ओकलंडमध्ये राहून कार्नेगी मेलन आणि पिट या विद्यापीठांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांकडे गाड्या नसतात, आणि काउंटीची बस क्रॅनबेरीपर्यंत येत नाही. म्हणजे कुठलाही हॉल घेतला तरी कोणीतरी लांब राहणारच.

न्यू जर्सीतल्या मित्रांना हा वाद सांगितला की ते म्हणतात, मग दुसरे मंडळ काढा. त्यांना ते परवडते. तिथे एकाशी पटले नाही तर दुसरे आहे, दुसऱ्याशी पटले नाही तर तिसरे. आपल्याकडे एका मंडळापुरतीच माणसे आहेत, तीही पुरतातच असे नाही. आपल्या नाटकात सासरा होणारा माणूस मध्यंतरात माइकच्या वायरी बघतो आणि रात्री कचऱ्याच्या पिशव्या बांधतो. खजिनदार वहिनींनी यंदा पेटीही वाजवली. नाटकाचा दौरा न्यू जर्सीहून शिकागोला जाताना आपल्या वाट्याला मधला बुधवार येतो, आणि बुधवारी कोण येणार म्हणून आपण तोही सोडतो. आणि कितीही भांडलो तरी शनिवारी त्याच दुकानात, त्याच कोथिंबिरीच्या खोक्याशी समोरासमोर येणार. मध्यम आकाराच्या शहरात राहण्याचा अर्थ तोच. इथे कोणाला टाळून राहता येत नाही.

पण याच आकाराने आपल्याला दिलेही पुष्कळ. १९५० साली या शहराची लोकसंख्या ६,७६,८०६ होती. २०२०च्या जनगणनेत ती ३,०२,९७१ भरली. पोलादाच्या भट्ट्या थंडावल्या आणि माणसे पांगली. यू. एस. स्टीलच्या ६४ मजली इमारतीच्या माथ्यावर आज यूपीएमसी या रुग्णालय-समूहाची अक्षरे झळकतात, यातच पुढची कथा आली. दुप्पट माणसांसाठी बांधलेले गाव आपल्याला राहायला मिळाले. कार्नेगीची संग्रहालये आणि ग्रंथालये, हाइन्झ हॉलमधला वाद्यवृंद, भरपूर बागा, आणि किनाऱ्यावरच्या शहरांतले लोक ज्याची फक्त स्वप्ने बघतात असे आवाक्यातले घर. आपली मुले शाळेत, पोहण्याच्या वर्गाला आणि दवाखान्यात तीच ती माणसे पाहत मोठी होतात. त्याची किंमतही आहे. २८ जानेवारी २०२२ला फर्न हॉलोचा पूल बससकट कोसळला, तेव्हा इतके पूल थोड्या करदात्यांनी सांभाळायचे म्हणजे काय, हे सगळ्यांना दिसले. मंडळाचे तेच आहे. मोठ्या मंडळासारखे कार्यक्रम हवेत, मग ते थोड्याच माणसांनी उचलायचे आहेत.

म्हणून उपस्थितीबद्दल दोन शब्द, आणि ते कोणा एका दिशेला उद्देशून नाहीत. यंदा तारीख ठरवताना स्टीलर्स या फुटबॉल संघाचा सामना नाही ना, हे आधी पाहिले होते. तरी नावे नोंदवलेली बरीच कुटुंबे आली नाहीत आणि न नोंदवलेली नेमकी पंगतीच्या वेळी आली. आलेल्यांचे स्वागतच आहे. पण मसालेभाताचे ॲल्युमिनियमचे ट्रे आधी कमी पडतील म्हणून धावपळ आणि शेवटी उरले म्हणून वाटावाटी, असे दोन्ही एकाच दुपारी व्हावे, हे जमवायला आपलेच लोक हवेत. खुर्च्यांचेही तसेच. बर्फ उपसून मोकळी केलेली पार्किंगची जागा राखायला पिट्सबर्गकर घरातली खुर्ची रस्त्यात मांडतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेल्या आपल्या पिढीला ही पद्धत पटकन पटली. पण पिट्सबर्गकराने निदान बर्फ तरी उपसलेला असतो. हॉलमध्ये पहिल्या दोन रांगा पर्स आणि जॅकेटे टाकून धरणाऱ्यांनी किमान खुर्च्या लावायला यावे, एवढीच अपेक्षा.

आता पुढचे. समितीने ठरवले आहे की दिवाळी मनरोव्हिललाच होईल, संक्रांत दक्षिणेत आणि गुढीपाडवा उत्तरेत. गणपतीच्या जागेचा निर्णय वार्षिक सभेत सर्वांच्या मताने होईल आणि तो समितीला मान्य असेल. मत देण्यासाठी वर्गणी भरलेली असणे आवश्यक आहे. ती अनेकांची बाकी आहे, आणि ज्यांनी सर्वांत लांबलचक पत्रे लिहिली त्यांतल्याही काहींची आहे.

दिवाळीच्या कार्यक्रमाची नोंदणी आठवडाभर आधी बंद होईल, कारण जेवणाचा आकडा केटररला तेव्हाच द्यावा लागतो. ओकलंडहून विद्यार्थ्यांना आणण्यासाठी रिकामी सीट असलेल्या गाड्या हव्या आहेत. ज्यांचा रस्ता बोगद्यातूनच जातो त्यांनी आधी नाव द्यावे. उत्तरेच्या मंडळींनी ई-झेडपास गाडीत आहे ना ते पाहावे, त्याशिवाय टोल जास्त पडतो. हॉल रात्री नऊला रिकामा करून द्यायचा आहे, म्हणून सतरंज्या आणि समया आवरायला थांबणारी दहा माणसे पाहिजेत. फराळाला चकल्या करून देणाऱ्यांनी आपल्या भागातल्या प्रतिनिधीला कळवावे. उरलेले अन्न घरी नेण्यासाठी डबे आपापले आणावेत. मंडळाचे मागच्या वर्षीचे डबे अजून परत आलेले नाहीत.

आपली,
कार्यकारी समिती