सहाध्यायाच्या चित्रांपुढे

आमच्या वसतिगृहात राहून एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्या आणि आता कला महाविद्यालयात शिकत असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने गेल्या हिवाळ्यात देऊळगाव राजा येथे आपल्या अमूर्त चित्रांचे छोटेसे प्रदर्शन भरविले. अभिप्रायाच्या वहीत बहुतेकांनी ‘छान’, ‘अभिनंदन’ असे लिहिले. याच शाळेतून त्याच महाविद्यालयात गेलेल्या त्याच्या वर्गमित्राने मात्र एकच ओळ लिहिली : ‘यात आपली माणसे कुठे आहेत?’

प्रामाणिकपणे सांगायचे तर त्या ओळीखाली सही करण्यास आमचाही हात शिवशिवला. ज्या समाजाला शतकानुशतके चित्राच्या चौकटीबाहेर ठेवले गेले, त्याने चित्रात प्रथम स्वतःला शोधावे, हे न्याय्यच आहे. नागपूरच्या सवी सावरकरांनी अस्पृश्यतेचे दाहक वास्तव मानवी आकृतींतून मांडले. ते काम कोणीतरी करणे आवश्यकच होते. तथापि आमच्या मुलांनी तेवढेच रंगवावे, अशी अट घरातूनच घातली जाऊ लागली तर ती आम्हांला मान्य नाही.

येथे अंबादास खोब्रागडे यांचे स्मरण होते. बॅरिस्टर राजाभाऊंमुळे हे आडनाव आमच्या वाचकांना परिचित आहे. हा चित्रकार मात्र नाही. अंबादास यांचा जन्म १९२२ चा, आपल्या शेजारच्या अकोल्याचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. १९६३ साली ‘ग्रुप १८९०’ या चित्रकारांच्या गटाचे प्रदर्शन दिल्लीत झाले, त्यात ते होते. उद्घाटक पंडित नेहरू. प्रस्तावना मेक्सिकोचे तत्कालीन राजदूत, कवी ओक्तावियो पाझ यांची. पुढे अंबादास नॉर्वेत स्थायिक झाले आणि २०१२ मध्ये ओस्लो येथे निवर्तले. त्यांच्या कॅनव्हासवर ना माणूस, ना झाड, ना घर. केवळ वळत, वाहत जाणारे रंगाचे पट्टे. अकोला-बुलढाण्यातील आमच्या किती घरांत हे नाव उच्चारले जाते?

इतिहासाचे विद्यार्थी या नात्याने आणखी एक सांगावेसे वाटते. सांचीच्या तोरणांवर तथागत मानवी रूपात नाहीत. रिकामे आसन, बोधिवृक्ष, धम्मचक्र आणि पाऊलखुणा आहेत. ही प्रतीके होत, अमूर्त चित्रकला नव्हे, हे खरे. परंतु रिकाम्या आसनापुढे थांबून पाहण्याची सवय आमच्या परंपरेला परकी नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

मग सहाध्यायाने काय लिहावे? त्याने दोष जरूर दाखवावेत. रंगाचा थर कोठे खरवडला, कोठे घाई झाली, कोठे धीर सुटला, हे त्याच्याइतके आम्हां शिक्षकांना कळणार नाही. आमच्या साध्या नजरेलाही एक गोष्ट खटकली. दारासमोरच्या मोठ्या निळ्या चित्रासमोर सर्वाधिक गर्दी होती, आणि प्रदर्शनातील तेच चित्र आम्हांला सर्वांत कच्चे वाटले. निळा रंग दिसताच आमचे हात टाळीसाठी उठतात. चित्रकाराने त्या टाळीवरच भिस्त ठेवली होती. कोपऱ्यातील मातकट, जवळजवळ रिकाम्या चित्रापाशी फारसे कोणी थांबले नाही. आम्ही तेथे बराच वेळ उभे होतो. ‘ही आपल्याकडची काळी जमीन का?’ असे विचारले, तर तो हसून म्हणाला, ‘तसं काही नाही, सर.’

ती वही आता शाळेच्या ग्रंथालयात आहे. वर्गमित्राच्या त्या ओळीखालचे अर्धे पान कोरे आहे. माजी विद्यार्थी मेळाव्यास तो येणार असल्याचे कळते. वही आम्ही त्याच्यापुढे ठेवणार आहोत.